मदत हवी आहे : चॅटनूगा येथे दीड दिवसात नेमके काय पाहावे?

पाऊसवेडी
नमस्कार. ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथे जात आहोत. हाताशी पूर्ण शनिवार आणि रविवारची दुपारपर्यंतची वेळ आहे. संकेतस्थळांवरच्या याद्या वाचून डोके शिणले, कारण प्रत्येक यादीत तीच नावे असतात आणि प्रत्येक ठिकाण 'चुकवू नये असे' असते. रूबी फॉल्स (गुहेतला धबधबा), रॉक सिटी (शिळांमधली बाग) आणि इन्क्लाइन रेल्वे (डोंगर चढणारी गाडी) ही तिन्ही ठिकाणे शनिवारी एका दिवसात उरकता येतील का, एवढेच विचारायचे आहे. रूबी फॉल्सचे तिकीट ठरावीक वेळेचे असते आणि शनिवारच्या वेळा भराभर भरत आहेत, तेव्हा कृपया आजच उत्तर द्यावे.

घाटवाट
उरकता येतील. तिन्ही ठिकाणे लुकआउट माउंटन या एकाच डोंगरावर आहेत आणि एकीकडून दुसरीकडे जायला गाडीने फार वेळ लागत नाही. सकाळी रूबी फॉल्स, दुपारी रॉक सिटी आणि संध्याकाळी इन्क्लाइन असा क्रम ठेवावा. आम्ही असेच केले होते आणि कुठेही धावपळ झाली नाही.

नदीकाठ
माझ्या मते तिन्ही ठिकाणे वगळली तरी चालतील. त्या शहराचे खरे वैभव नदीकाठी आहे, आणि डोंगरावर दिवस घालवणारे पाहुणे ते न पाहताच परततात. पण त्याआधी हे सांगावे की आपण कुठून येणार आहात, सोबत कोण आहे आणि मुक्काम शहरात आहे की बाहेर?

पाऊसवेडी
कुठून येतो याने डोंगरावरच्या ठिकाणांत काय फरक पडणार आहे? नॅशविलहून येत आहोत, गाडीने. मी, नवरा, तिसरीतला मुलगा आणि सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले माझे आई-बाबा. मुक्काम नदीजवळच्या हॉटेलात आहे. आता कृपया मूळ प्रश्नाकडे वळू या.

रूळावरचा
फरक पडतो. नॅशविल मध्य प्रमाणवेळेत आहे आणि चॅटनूगा पूर्व प्रमाणवेळेत. रस्ता साधारण सव्वादोन तासांचा असला तरी सकाळी आठला निघालात तर तेथील घड्याळात सव्वाअकरा वाजलेले असतील. रूबी फॉल्सची दहाची वेळ घेतली असती, तर तिकीट वाया गेले असते. शिवाय वाटेत मॉन्टईगल डोंगराचा उतार लागतो. तेथे ट्रक हळू चालतात आणि शनिवारी गर्दी असते, हेही हिशेबात धरावे.

घाटवाट
वेळेचा मुद्दा मान्य, पण नदीकाठ यांचे मत पटले नाही. रूबी फॉल्स वगळून चॅटनूगा पाहणे म्हणजे काय? डोंगरातली जुनी गुहा रेल्वेच्या बोगद्यामुळे बंद झाली होती. तिच्यापर्यंत वरून उद्वाहनाची वाट काढावी म्हणून १९२८ साली लिओ लॅम्बर्ट यांनी खोदकाम करवले, तेव्हा मध्येच जेमतेम दीड फूट उंचीची एक पोकळी लागली. ते सरपटत आत गेले आणि पुढे त्यांना १४५ फूट उंचीचा धबधबा सापडला. त्याला त्यांनी पत्नीचे नाव दिले. डोंगराच्या पोटात, जमिनीखाली अकराशे फुटांहून अधिक खोल असलेला हा धबधबा मुलाला जन्मभर आठवेल.

हळदीकुंकू
मुलाला आठवेल, पण आई-बाबांचे काय? वय किती आहे आणि चालणे कसे आहे? रूबी फॉल्समध्ये वाटाड्याबरोबर जाऊन-येऊन साधारण मैलभर चालावे लागते. सव्वा तासाहून अधिक वेळ लागतो, वाट काही ठिकाणी अरुंद आणि ओली असते, समोरून परतणारा गट आला की भिंतीला चिकटून उभे राहावे लागते, आणि मध्येच मागे फिरणे सोपे नसते. माझ्या सासूबाई अर्ध्या वाटेवर घाबरल्या होत्या.

पाऊसवेडी
बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया गेल्या वर्षी झाली आहे. सपाटीवर ते रोज फिरायला जातात, पण जिने मात्र नकोत, विशेषतः उतरताना. आईला बंदिस्त जागेत गुदमरते, विमानातही तिला कडेचीच जागा लागते. संकेतस्थळावर 'सर्व वयोगटांसाठी' असे स्पष्ट लिहिले आहे, म्हणून हे सांगण्याची गरज वाटली नव्हती.

नदीकाठ
मग उत्तरच बदलले. आईंसाठी रूबी फॉल्स बाद आणि बाबांसाठी रॉक सिटी बाद.

सातराज्ये
रॉक सिटीला असे एका ओळीत बाद करू नये. रॉक सिटीचे संस्थापक गार्नेट कार्टर यांच्या पत्नी फ्रीडा यांनी त्या अवाढव्य शिळांमधून दोरी टाकत वाट आखली, जागोजागी रानफुले लावली, आणि १९३२ साली ती बाग लोकांसाठी खुली झाली. त्यानंतर गावोगावच्या धान्याच्या कोठारांच्या छपरांवर 'रॉक सिटी पाहा' असे रंगवून घेतले गेले. दक्षिणेतील रस्त्यांवर ती कोठारे अजूनही कुठे कुठे दिसतात. टोकावरून एकाच वेळी सात राज्ये दिसतात. उताराच्या वाटेने काही भाग पायऱ्यांशिवायही पाहता येतो.

रूळावरचा
सात राज्ये दिसतात हा जाहिरातीचा दावा आहे. स्वच्छ हवेतही इतक्या दूरचे डोंगर ओळखता येणे कठीण, आणि ओळखले तरी राज्याची सीमा डोंगरावर रंगवलेली नसते. बाग सुंदर आहे हे मान्य. पण ती मुळात टेनेसीत नसून सीमेपलीकडे जॉर्जियात आहे.

सातराज्ये
त्या राज्यांचे ध्वज लावलेले आहेत, दिशा दाखवलेल्या आहेत. ज्यांना पाहायचे आहे त्यांना दिसते.

हळदीकुंकू
ध्वज दिसतात हे खरे. परंतु प्रश्न गुडघ्यांचा आहे. बागेतील मुख्य वाट शिळांच्या फटींमधून जाते, तिच्यात दगडी पायऱ्यांची चढ-उतार आहे, आणि एक फट तर इतकी अरुंद आहे की पोट आत घेऊन आडवे सरकावे लागते. बाबांना पायऱ्या आणि आईंना ती फट, दोन्ही एकाच तिकिटात!

नदीकाठ
आता सविस्तर लिहितो, कारण असा प्रश्न येथे वारंवार येतो.

शनिवारची दुपार टेनेसी मत्स्यालयाला द्यावी. १९९२ साली ते उघडले तेव्हा त्याचा विषयच नदी होता. फिरत्या जिन्याने सर्वांत वर जायचे, तेथे अपलेशियन डोंगरातल्या ओढ्याचे रान उभे केलेले आहे आणि त्यात पाणमांजरे पोहत असतात. मग उताराच्या रुंद वाटेने, पाण्याच्या प्रवाहाबरोबर, हळूहळू खाली यायचे. पायऱ्या उतराव्या लागत नाहीत, हे बाबांसाठी सर्वांत महत्त्वाचे. वाटेत कॅटफिश आणि स्टर्जन पाहताना मुलाला बाहेर काढणे अवघड जाईल. शेजारची दुसरी इमारत समुद्राची आहे. तेथे पेंग्विन आणि फुलपाखरांची बाग आहे. एकाच दिवशी दोन्ही पाहायच्या असतील तर मध्ये विश्रांती घ्यावी.

मत्स्यालयाबाहेर रॉस लँडिंग आहे. चेरोकी या मूळनिवासी अमेरिकी जमातीचे नेते जॉन रॉस यांच्या नावाचा हा धक्का. १८३८ साली चेरोकी लोकांना येथून पश्चिमेकडे हुसकावून लावण्यात आले. काही तुकड्या नावेतून गेल्या. आज तेथे चेरोकी कलावंतांनी केलेले स्मारक आहे : पायऱ्यांवरून नदीकडे पाणी उतरत जाते आणि बाजूच्या भिंतीवर भाजलेल्या मातीच्या सात मोठ्या चकत्या बसवलेल्या आहेत. पाणी सुरू असेल तर मुले त्यात खेळत असतात, आणि ही जागा कसली आहे ते बहुतेकांना ठाऊकही नसते. बाबांनी वरच्या कठड्यावरून पाहावे.

संध्याकाळी वॉलनट स्ट्रीट पूल. १८९० च्या सुमाराचा लोखंडी पूल, लांबी २,३७६ फूट, १९७८ साली वाहनांना बंद झाला आणि पाडण्याच्या बेतातून वाचून १९९३ पासून केवळ पादचाऱ्यांसाठी आहे. पुलाच्या दुरुस्तीचे काम निघते तेव्हा तो बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी शहराच्या संकेतस्थळावर खात्री करावी. बंद असेल तर शेजारच्या मार्केट स्ट्रीट पुलाच्या पदपथावरूनही नदी चांगली दिसते. पलीकडे कूलिज पार्कात लाकडी घोड्यांचे फिरते चक्र आहे.

माळरान
पुलाविषयी एक भर घालतो. १९०६ साली एड जॉन्सन या कृष्णवर्णीय तरुणाला तुरुंगातून ओढून आणून जमावाने याच पुलावर ठार केले. त्याच्या फाशीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिलेली होती. स्थगिती धुडकावली म्हणून त्या न्यायालयाने शेरीफवरच, म्हणजे तेथील पोलीस प्रमुखावरच, खटला चालवला आणि त्याला शिक्षा केली. पुलाच्या दक्षिण टोकाला २०२१ पासून जॉन्सनचे स्मारक आहे. बाबांना वाचनाची आवड असेल तर तेथे दहा मिनिटे थांबावे. बसायला जागा मिळते.

विद्युतप्रवाह
आश्चर्य आहे की रॅकून माउंटनचे नाव अजून कोणीच घेतले नाही. विजेची मागणी कमी असते तेव्हा नदीचे पाणी पंपाने डोंगरमाथ्यावरच्या जलाशयात चढवायचे, आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून डोंगराच्या पोटातल्या जनित्रांवर वीज करायची, असा हा प्रकल्प १९७८ पासून चालू आहे. आपल्याकडे अकोले तालुक्यातील घाटघरला याच तत्त्वावर २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे. येथील क्षमता त्याच्या सहापटीहून अधिक आहे. घाटघर पाहिलेल्या माणसाने हे पाहिलेच पाहिजे.

हळदीकुंकू
पाऊसवेडी यांच्या कुटुंबातील कोणी घाटघर पाहिले आहे, असे धाग्यात कुठेही लिहिलेले नाही.

पाऊसवेडी
बाबांनी पाहिले आहे, ते पाटबंधारे खात्यात होते! पण जलाशय राहू द्या. डोंगरावरचे काहीच नको का? आई-बाबांना डोंगर हवा आहे, पाने रंगलेली पाहायची आहेत. इन्क्लाइन रेल्वे तरी चालेल ना?

रूळावरचा
चालेल. ती १८९५ पासून चालू आहे. शेवटच्या टप्प्यात चढाची तीव्रता ७२.७ टक्क्यांपर्यंत जाते, आणि डबा तारेच्या दोराने ओढला जात असल्याने गती संथ असते. खालचे स्थानक सेंट एल्मो भागात आहे. डब्यातील आसने पायऱ्यांसारखी चढत जातात, म्हणून बाबांना दाराजवळच्या रांगेत बसवावे. काचेचे छप्पर असल्याने आईंना कोंडल्यासारखे होणार नाही. मात्र उतरताना समोर थेट दरी दिसते, त्याची कल्पना आधी द्यावी. गर्दी टाळायची असेल तर रविवारी सकाळची पहिली फेरी घ्यावी.

नदीकाठ
आणि वर पोचल्यावर तेथूनच माघारी फिरू नये, बहुतेक पाहुणे हेच करतात. वरच्या स्थानकापासून थोडे चालले की पॉइंट पार्क आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात २४ नोव्हेंबर १८६३ रोजी या डोंगराच्या उतारावर धुक्यात लढाई झाली. खालच्या लोकांना केवळ आवाज आणि ज्वाळा दिसल्या, म्हणून तिला 'ढगांवरची लढाई' म्हणू लागले. फरसबंद वाटेने कठड्यापाशी गेले की खाली टेनेसी नदी मॉकसिन बेंडला वळसा घालताना दिसते. शहरही तेथून दिसते. तेथून आणखी खाली ऑक्स संग्रहालय आहे. ज्या अडॉल्फ ऑक्स यांनी चॅटनूगाच्या वर्तमानपत्रापासून सुरुवात करून पुढे न्यूयॉर्क टाइम्स घेतले, त्यांचे नाव त्याला दिलेले आहे. तेथे उतरायला पायऱ्या आहेत, म्हणून बाबांनी वरच थांबावे. गुडघे दुखत असतील तर इन्क्लाइन सोडून गाडीनेही थेट पार्कापर्यंत जाता येते.

खाऊगल्ली
कोणी मूनपाय (मार्शमेलो भरलेले बिस्कीट) घ्यायला सांगेल, कारण तो १९१७ पासून याच शहरात बनतो. आई-बाबा शाकाहारी असल्यास मार्शमेलोतल्या जिलेटिनसाठी वेष्टन वाचावे. बाटलीबंद कोका-कोलाचा परवानाही १८९९ साली येथल्याच दोन वकिलांनी एका डॉलरमध्ये मिळवला होता.

घाटवाट
सगळे ठीक, पण मुलासाठी रूबी फॉल्स सोडू नये असे मला अजूनही वाटते. आपण मुलाला घेऊन आत जावे आणि यजमानांनी तेवढ्या वेळात आई-बाबांना गाडीने पॉइंट पार्कला न्यावे. दीड-दोन तासांत सगळे पुन्हा एकत्र येतील.

पाऊसवेडी
हे जमेल. शनिवारी दुपारी मत्स्यालय, रॉस लँडिंग आणि पूल. रविवारी सकाळी मी आणि मुलगा रूबी फॉल्स, बाकीचे गाडीने पॉइंट पार्क, नंतर सर्वांनी मिळून इन्क्लाइनची एक फेरी. रॉक सिटी राहिली, सातराज्ये यांची क्षमा मागते. रूबी फॉल्सची रविवारची साडेनऊची वेळ मिळाली आहे. रूळावरचा, ही वेळ पूर्वेची असे धरूनच घेतली आहे. बाबा मात्र आता रॅकून माउंटनचा नकाशा उघडून बसले आहेत.

विद्युतप्रवाह
जलाशयाच्या कडेने चालायला वाट आहे आणि तिच्यावर मोठा चढ नाही. परतीच्या रस्त्यापासून फाटाही फार लांब नाही. रविवारी दुपारी अर्धा तास काढावा.