ब्रेक लाईट लागतोय का बघ रे! – तुमचे अनुभव सांगा

सातबारा

काल संध्याकाळी कर्वे रोडला सिग्नलला उभा होतो. काचेवर टकटक. स्कूटीवर एक मुलगी, तोंडाला स्कार्फ. म्हटलं, घासली वाटतं. काच खाली केली तर म्हणते, "काका, तुमचा एकही ब्रेक लाईट लागत नाहीये. मगाशी आदळणार होते मी." तेवढ्यात सिग्नल सुटला, ती गेली, थँक्यू म्हणायचंही राहिलं.

घरी येऊन गाडी पार्किंगच्या भिंतीला पाठ करून लावली, ब्रेक दाबला, आरशात बघितलं. भिंत काळीच. हॉर्न दाबला तर तोही मुका. (म्हणजे दिवसभर मी हॉर्न वाजवलाच नव्हता. पुण्यात. घरी कुणाला पटत नाहीये.) आमच्या गाडीत दोन्ही एकाच फ्यूजवर आहेत. स्टिअरिंगखालचं झाकण उघडून निळा १५ अँपिअरचा फ्यूज उजेडात धरला, आतली पट्टी तुटलेली. दुसरा टोचला, झालं काम.

पण डोक्यातून जाईना ते वेगळंच. बाबांची जुनी गाडी होती. रात्री गावाला निघायचं असलं की मी गाडीच्या मागे उभा. बाबा आतून ओरडायचे, "लागतोय का बघ रे!" आणि माझ्या पांढऱ्या शर्टावर लाल उजेड पडायचा, फक्त उजव्या बाजूला. "डावा नाही लागला!" मग बाबा उतरून डाव्या दिव्याला एक बुक्की घालायचे, की लागायचा. चौदा वर्षं त्या गाडीचा डावा दिवा बुक्कीवर चालला.

तुमच्याकडचे किस्से येऊ द्या.

गवतीचहा

मी पयली!

आमच्याकडे "लागला!" ओरडायचं खातं माझ्याकडे होतं. एकदा टीव्हीवर मालिका सुरू होणार होती म्हणून मी जिन्यातूनच "लागला लागला" ओरडले आणि पळाले. तासाभरात पप्पा परत, मागचं बंपर लोंबतंय, रिक्षावाल्याशी भांडून आलेले. "पोरीनं स्वतः बघितलंय, लाईट लागत होता" म्हणून माझी साक्ष काढत होते. तीस वर्षांनी इथे कबूल करतेय. पप्पा हे वाचत नाहीत.

खटपट्या

सातबारा, फ्यूज हौसेनं उडत नाही. कुठेतरी वायर बॉडीला टेकतेय. परत उडाला तर कृपा करून ३०चा हिरवा घालू नका, मग फ्यूजऐवजी वायर जळते.

बाकीच्यांसाठी: पायाशी वाकून ब्रेक पेडलच्या दांड्याच्या वरच्या टोकाला बघा. तिथे छोटा स्विच असतो, त्याला स्प्रिंगवरची दांडी. पेडल मोकळं असताना ते त्या दांडीला आत दाबून धरतं, सर्किट बंद. पाय पडला की पेडल पुढे जातं, दांडी बाहेर येते, दिवे लागतात. बहुतेक गाड्यांत चावी नसतानाही लागतात. एकच बाजू गेली तर बल्ब किंवा होल्डर. सगळे एकदम गेले तर फ्यूज नाहीतर स्विच.

आणि "मागचा दिवा लागतो, म्हणजे बल्ब चांगला" हे विसरा. बऱ्याच गाड्यांत एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, ५ वॅटची रात्रीसाठी आणि २१ वॅटची ब्रेकसाठी. एक जळाली तरी दुसरी चालू राहते.

निळीछत्री

आमचं उलटं. रात्री साडेअकराला वॉचमन दारात, "म्याडम, गाडीचे लाल दिवे चालूच हायेत." नवऱ्याने खाली जाऊन चावी फिरवली, दारं आपटली, शेवटी "सकाळी बघू" म्हणून झोपला. सकाळी काय बघणार, बॅटरी ढिम्म.

मॅटवर पिवळट चुरा पडला होता. मी लेकाला ओरडले, गाडीत बिस्किटं खाऊ नको म्हणून. मेकॅनिक आला, चुरा चिमटीत धरून म्हणाला, "बिस्कीट नाही ताई, हा पेडलचा स्टॉपर." त्या स्विचच्या दांडीसमोर पेडलला प्लास्टिकची टिकली असते म्हणे, ती जुनी होऊन भुगा झाली आणि दांडी भोकातून आरपार बाहेर. त्याने भोकात एक नट-बोल्ट आवळून दिला. दोन वर्षं झाली, "तात्पुरता" बोल्ट अजून तिथेच आहे. लेकाची माफी मागितलेली नाही.

खटपट्या

@निळीछत्री, दोन बल्ब म्हणजे ४२ वॅट, १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर. आठ तासांत २८ अँपिअर-तास गेले. छोट्या गाडीची बॅटरीच ३५ची असते. ढिम्मच होणार. वॉचमन आला तेव्हा बॅटरीची एक वायर सोडवली असती तर सकाळी गाडी सुरू झाली असती.

निळीछत्री

हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो उठून आत गेला.

एमएच०८

कोकणातल्या माणसाक विचारा. पावसाळ्यात आमच्या टेल लॅम्पमध्ये मासे पाळता येतील.

मागच्या गणपतीला चिपळूणला निघालो होतो. डावा इंडिकेटर दिला आणि ब्रेकवर पाय ठेवला की मागे पूर्ण डिस्को. ब्रेक लाईट लुकलुकतोय, पार्किंग दिवा मंद. मागच्या गाडीवाल्याने ओव्हरटेक करून विचारलं, "जायचंय कुठे नक्की?" मला वाटलं पूर्ण वायरिंग गेलं. हायवेवरच्या वायरमनने होल्डर बाहेर काढला, आत हिरवा गंज. अर्थिंग गेलं होतं. करंटला परतीची वाट मिळेना, मग तो शेजारच्या बल्बमधून घुसून जातो. त्याने पॉलिश पेपर मारला, अर्थिंगचा स्क्रू घासून परत आवळला, ५० रुपये घेतले आणि चहा पाजला. चहाचे पैसे घेतले नाहीत.

आज्जीबाई_जोरात

चिपळूणला कुठे? आमचं माहेर गुहागर. यंदा रस्ता बरा आहे का?

एमएच०८

आज्जी, रस्त्याचं विचारू नका. मोदकांचं विचारा.

पंचगंगेकाठचा

आमच्या भावड्याचा पराक्रम ऐका. रात्री हायवेला बल्ब गेला, ट्रकच्या टपरीवरनं नवा घेतला. बसंना. त्या डबल तारेच्या बल्बला दोन खिट्ट्या असतात, एक वर एक खाली, म्हणजे उलटा बसूच नये. ह्यानं पक्कडीनं धरून बसवलाच. उलटा. वर तो ट्रकचा २४ व्होल्टचा. ब्रेक मारला की उदबत्तीएवढा उजेड. "लागतोय की" म्हणतोय परत.

टोपणनाव_सुचेना

ऑटोमॅटिक गाडी. गिअर 'पी'मधून (पार्किंग) निघेना. ऑफिसच्या बेसमेंटमधून टो केली, ३५०० गेले. निघालं काय, तर ब्रेकचा स्विच :( ब्रेक दाबल्याशिवाय 'पी' सुटत नाही, आणि गाडीला कळतच नव्हतं की मी ब्रेक दाबलाय.

खटपट्या

अरेरे. बऱ्याच गाड्यांत गिअरच्या दांड्याशेजारी छोटं झाकण असतं, त्यात चावी खुपसून दाबलं की लॉक सुटतं.

टोपणनाव_सुचेना

आत्ता सांगताय होय!

दूरदेशीचा

मी कॅलिफोर्नियात. इथे नवीन होतो तेव्हा रात्री मागून लाल-निळे दिवे. मी आपल्या सवयीने कागद घेऊन उतरायला लागलो तर पोलीस गरजला, गाडीतच बस, हात दिसू देत. घाम फुटला. कारण काय, तर मधला वरचा तिसरा ब्रेक लाईट बंद. इथे कार्सना तो १९८६च्या मॉडेलपासून सक्तीचा आहे. दंडाऐवजी दुरुस्तीचं तिकीट दिलं, दिवा नीट करून सही आणायची. बल्ब चांगलाच होता. मागचं दार उघडतं तिथल्या रबरी नळीत वायर वाकून वाकून आतल्या आत तुटली होती.

गवतीचहा

आमच्या हॅचबॅकचं अगदी हेच! दार उघडं असताना लागतो, लावलं की बंद. मग लागतोय हे बघणार कोण, डिकीतला कांदा?

रविवारचा_रायडर

दुचाकीवाल्यांना विसरलात. माझे सासरे उजवा पाय कायम मागच्या ब्रेकवर टेकवून चालवतात, त्यामुळे त्यांचा लाईट घरापासून बँकेपर्यंत चालूच. मागचे सारखे दचकतात. मी स्विचची स्प्रिंग ॲडजस्ट करून दिली. आता खरा ब्रेक मारला तरी लागत नाही. सासूबाई दोघांवर चिडल्यात.

विजेवरचा

माझ्या इलेक्ट्रिकमध्ये नुसता ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तरी गाडी चांगली आवरते आणि ब्रेक लाईट लागतो. पहिल्या आठवड्यात बायको मागून स्कूटरवर येत होती. घरी आल्यावर म्हणाली, "इतका घाबरत का चालवतोस?"

अवांतर: त्या मुलीला पैकीच्या पैकी मार्क. मी एकदा एकाला असंच सांगायला गेलो तर तो "ओव्हरटेक करतो काय" म्हणून मागे लागला.

सातबारा

अपडेट. खटपट्या, तुमच्या तोंडात साखर पडो. सकाळी पौड फाट्याच्या आधीच फ्यूज परत उडाला. डिकी रिकामी केली (दोन छत्र्या, एक हरवलेला डबा, २०१९ची दिवाळीची माळ). कोपऱ्यात जॅक पट्ट्यातून सुटून टेल लॅम्पच्या वायरवर घासत होता, तांबं दिसत होतं. टेप गुंडाळली, वायर वर बांधली, जॅक जागेवर.

लेकीला मागे उभं केलं, "लागतोय का बघ गं!" उत्तरच नाही. उतरून बघतो तर ती मोबाईलवर व्हिडिओ काढत होती. "ओरडायचं कशाला बाबा, पाठवलाय ना." पाठवलाय खरा. तिन्ही लागतायत. तिच्या पांढऱ्या बुटांवरही लाल पडलंय.

खटपट्या

वा. पण टेप उन्हाने सुटते हां, पुढच्या सर्व्हिसिंगला स्लीव्ह घालून घ्या.

आज्जीबाई_जोरात

एमएच०८, मोदकांचं इथेच लिहू का वेगळा धागा काढू?