मदत हवी आहे: पुण्याहून जर्मनीला कुत्री न्यायचीय, कागद कोणाच्या नावावर हवेत?

नमस्कार मंडळी. आमची गुंडी, देशी कुत्री, वय 4, वजन 17 किलो. आम्ही म्युनिकला राहायला जातोय. तिला इथे ठेवून जाणं आम्हाला जमणारच नाही.

मायक्रोचिप मे महिन्यात बसवली. रेबीजची लस त्याआधीची होती, आणि चिपच्या आधी दिलेली लस युरोपात धरत नाहीत. हे फार उशिरा कळलं. म्हणून 20 जूनला पुन्हा लस दिली, 30 दिवस थांबून 22 जुलैला टायटर टेस्टसाठी (लसीमुळे रक्तात रेबीजविरुद्ध पुरेशी अँटिबॉडी तयार झालीय का, ते बघणारी तपासणी) रक्त काढलं. सीरम युरोपियन युनियनमान्य लॅबला पाठवलं, रिपोर्ट 0.5 IU/ml च्या वर, म्हणजे पास आलाय. रक्त काढल्यापासून 3 महिने थांबावं लागतं, म्हणजे 22 ऑक्टोबरच्या आत निघता येत नाही.

अडचण अशी की नवऱ्याला सप्टेंबरमध्येच जॉइन व्हायचंय. लसीच्या पुस्तकावर डॉक्टरांनी निळ्या पेनाने मालक म्हणून त्याचंच नाव लिहिलंय, टायटर रिपोर्टवरही तेच. मालक आणि प्राणी यांच्या प्रवासात 5 दिवसांहून जास्त अंतर चालत नाही. गुंडीला घेऊन मी जाणार.

मग पुस्तक आणि चिपची नोंद माझ्या नावावर करून घेऊ का? रिपोर्टवर जुनं नाव राहिलं तर मुंबईच्या प्राणी क्वारंटाइन ऑफिसात तिला बाहेर न्यायचं हेल्थ सर्टिफिकेट अडतं का?