पद गेलं की आधी प्रयोगशाळा आणि चित्रकला का जाते?

विज्ञानाच्या बाई
आमच्या तालुक्यातल्या अनुदानित शाळांत एकच क्रम दिसतो. चित्रकलेचे सर निवृत्त होतात, पद भरलं जात नाही, त्यांचे तास गणित-इंग्रजीकडे जातात. मग प्रयोगशाळा परिचर निवृत्त होतात. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणीची, म्हणजे शिपाई, प्रयोगशाळा परिचर अशी रिकामी होणारी पदं नियमित भरणं थांबलं आणि त्याऐवजी शिपाई भत्ता, म्हणजे माणूस ठेवायला शाळेला ठरावीक रक्कम आली, ग्रामीण शाळेला महिना ५,००० रुपये. एवढ्यात झाडलोट होते, घंटा वाजते. परीक्षानळ्या धुऊन, आम्ल मोजून, साहित्य मांडून ठेवणारं माणूस मिळत नाही.

माझ्या दहावीच्या तुकडीत साठ मुलं. एका टेबलाभोवती पंधरा जण. पुढचे चौघे बघतात, मागचे निरीक्षणं उतरवून घेतात. लिटमस स्वतःच्या हाताने न बुडवता मुलं दहावी पास होतात, याचा मला संताप येतो.

संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवणं, चालते पटावर, तोही ३० सप्टेंबरचा आणि आधार वैध ठरलेल्या मुलांचाच. त्या हिशेबात भाषा-गणिताचे शिक्षक कसेबसे बसतात. हाताने शिकायच्या विषयांवर पहिली कुऱ्हाड पडते, कारण ते नसले तरी निकालाची टक्केवारी हलत नाही.

हिशेबी पालक
बाई, तुमची अडचण खरी, पण कारण पटलं नाही. शालेय शिक्षणावरचा बहुतांश पैसा पगारातच जातो. २०२३ मध्ये राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या जवळपास १५ हजार शाळा होत्या. तिथे बारा मुलांना दोन शिक्षक आणि तुमच्याकडे साठांना एक. पैसा कमी नाही, वाटणी चुकली आहे. त्याच वर्षी समूह शाळांचा, म्हणजे छोट्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचा विचार पुढे आला, पानशेत आणि तोरणमाळ इथल्या अशा शाळांचे दाखले दिले गेले. एका मोठ्या शाळेत कार्यशाळा, चित्रकलेचे शिक्षक, मैदान, सगळं परवडतं. तेव्हा विरोध कोणी केला? शिक्षक संघटनांनीच.

डोंगरातला गुरुजी
विरोध करणाऱ्यांत मीही होतो आणि आजही आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीला एक किलोमीटर, सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी. आमच्याकडे पावसाळ्यात ओढा भरला की एसटी वरच्या वाडीला येत नाही. शाळा लांब गेली की सातवीतल्या मुली घरी बसतात, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही.

शिवाय माझी वाडीची शाळा बंद करून वाचलेला प्राथमिक शिक्षक बाईंच्या दहावीला रसायनशास्त्र शिकवायला जाणार आहे का? १५ मार्च २०२४ च्या निर्णयात सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली गेला की शिक्षकाचं पद शून्य. याला वाटणी म्हणत नाहीत.

हिशेबी पालक
ओढ्याचा मुद्दा मान्य. तिथे शाळा राहू द्या. पण सगळी पदं भरलेली होती तेव्हा काय होत होतं? चित्रकलेचा तास म्हणजे पोर्शन राहिलेल्या शिक्षकाला दिलेला तास. कार्यानुभवाच्या वस्तू आदल्या रात्री दुकानातून यायच्या. कपातीच्या आधीच हे विषय शाळांनी सोडून दिले होते. पैसे वाढवले म्हणून ते जिवंत होतील, याची खात्री कोण देणार?

रंगपेटी
मी चित्रकला शिकवतो, म्हणून खात्री मी देतो. इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षेत ए ग्रेड मिळाली की दहावीला ७ गुण, बी ला ५, सी ला ३. ज्या शाळेत शिक्षक आहे तिथली मुलं मन लावून बसतात. शिक्षक नसेल तर शहरातला पालक क्लास लावतो, खेड्यातलं पोर त्या गुणांना मुकतं. गुणांचं सोडा, वस्तुचित्र काढताना बघायला शिकणं जातं त्याचं काय?

कार्यानुभवाचंही तसंच. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात, आश्रमाचे संस्थापक डॉ. कलबागांनी १९८३ पासून गावच्या मुलांना वेल्डिंग, वायरिंग, शेतीची कामं शिकवून दाखवली. त्यातूनच ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय शाळांत गेला. त्याला महागडी इमारत लागत नाही, काम येणारा माणूस आणि त्याचं वेळेवर मानधन लागतं. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य-क्रीडा आणि कार्यशिक्षणाला अंशकालीन निदेशक, म्हणजे ठरावीक तासांपुरते शिकवणारे, द्यायचे, हे शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच आहे. २००९ चा कायदा आहे तो.

हिशेबी पालक
अंशकालीन निदेशकाला माझा विरोध नाही. तालुक्यातल्या तीन-चार शाळांत एकच माणूस फिरला तरी चालेल. मात्र तासाला तास लागला की नाही, हे पालकांना दिसायला हवं.

विज्ञानाच्या बाई
फिरता निदेशक चित्रकलेला चालेल. प्रयोगशाळेला नाही चालणार. मला साठ मुलं तीस-तीसच्या दोन गटांत हवी आहेत आणि पहिला गट बाहेर पडून दुसरा आत येईपर्यंत टेबल मांडून ठेवणारा परिचर. बाकी चर्चा कितीही करू, तेवढं एक पद परत द्या. हजेरीपट पालकांना दाखवायला मी आजही तयार आहे.