एकांकिकेचं शूटिंग: एकच कॅमेरा की तीन?

तिसरी घंटा:
मंडळी, ४५ मिनिटांच्या एकांकिकेचं चित्रीकरण करायचं आहे. सकाळी रंगीत तालीम आणि संध्याकाळी प्रयोग, दोन्ही एकाच नाट्यगृहात. हाताशी एकाच कंपनीच्या दोन एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेरा बॉडी (एक नवी, एक जुनी), २४-७० मिमी आणि ७०-२०० मिमी एफ/४ झूम लेन्स, दोन मोबाइल आणि एक चार ट्रॅकचा साउंड रेकॉर्डर आहे. तिसरा कॅमेरा भाड्याने आणता येईल. ग्रुपमध्ये दोन गट पडलेत. एक म्हणतो तीन-चार कॅमेरे लावा आणि नंतर कापा. दुसरा म्हणतो एकाच चांगल्या कॅमेऱ्याने तालीम आणि प्रयोग मिळून सगळे शॉट घ्या. शिवाय याच कलाकारांना घेऊन फ्लॅटमध्ये १२ मिनिटांचा एक प्रसंग स्वतंत्रपणे शूट करायचा आहे, तीन पात्रं. तिथे दोन कॅमेऱ्यांनी वेळ वाचेल का?

कट-टू:
रंगमंचासाठी तीन कॅमेरे, पण मोबाइल धरून नव्हे. चार बेमेळ कॅमेऱ्यांपेक्षा दोन जुळणारे बरे.

अंतर आधी मोजा. एपीएस-सी सेन्सर साधारण २३.५ मिमी रुंद असतो. २० मीटरवरून २०० मिमीने जेमतेम २.३५ मीटर रुंदीची फ्रेम मिळते, म्हणजे दोन माणसं कमरेपासून वर. चेहरा भरून हवा असेल तर तो कॅमेरा १० मीटरच्या आसपास आणावा लागेल. उलट त्याच २० मीटरवरून ४७ मिमीला १० मीटर रुंदी बसते, तेवढ्यात बहुतेक रंगमंच मावतो. म्हणून अ कॅमेरा मागे मधोमध, २४-७० लावून, लॉक. त्याला कुणी हात लावायचा नाही. ब आणि क पुढे, जवळजवळ मध्यरेषेवर किंवा दोन्ही एकाच बाजूला. तिसऱ्या बॉडीसोबत आणखी एक ७०-२०० भाड्याने घ्या, नाहीतर क ला पुरेशी लेन्स उरणार नाही.

एकाच बाजूला का, तर १८० अंशांची रेषा, म्हणजे दोन पात्रांना जोडणारी काल्पनिक रेषा; सगळे कॅमेरे तिच्या एकाच बाजूला हवेत. दोन पात्रं डावी-उजवीकडून समोरासमोर असतील तर प्रेक्षागृहातले सगळे कॅमेरे रेषेच्या एकाच बाजूला राहतात, काळजी नाही. पण एक पात्र पडद्याजवळ मागे आणि दुसरं फूटलाइटपाशी आलं की रेषा थेट प्रेक्षकांकडे वळते. मग एक कॅमेरा टोकाला डावीकडे आणि दुसरा टोकाला उजवीकडे असेल तर कट केल्यावर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात.

ऑपरेटरना सोपा नियम द्या: ब बोलणाऱ्याकडे, क ऐकणाऱ्याकडे. रंगीत तालमीत संहितेच्या समासात खुणा करा. अ लॉक असल्यामुळे बाकी दोघं एकदम पॅन करत असले तरी कापायला एक स्थिर चित्र असतंच.

सेटिंग सगळीकडे मॅन्युअल. २५ फ्रेम, शटर १/५०. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे साध्या दिव्यांत पट्टे दिसत नाहीत. स्वस्त एलईडी पार मंद केल्यावर मात्र ते दिसू शकतात. तालमीत प्रत्येक डिमर पातळीला तपासा आणि शटर थोडं वरखाली करून बघा. ऑटो आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता कॅमेऱ्याने आपोआप बदलणं) बंद ठेवा, नाहीतर ब्लॅकआउटमध्ये कॅमेरा अंधार उजळायला जातो आणि फ्रेमभर दाणे येतात. लांबच्या फ्रेममध्ये काळा पडदा जास्त असल्यामुळे कॅमेऱ्याचा प्रकाशमापक मीटर फसतो आणि चेहरे पांढरेफटक होतात. झेब्रा (उजळ भागावर पट्टे दाखवणारी खूण) ७० ला ठेवा, कपाळाच्या सर्वात उजळ भागालाच जेमतेम लागला पाहिजे. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं याची सेटिंग) सगळ्यांचा एकाच वेळी, एकाच पांढऱ्या कागदावर, सर्वसाधारण प्रकाशात. रंगीत दिव्यांत घेऊ नका.

जुनी बॉडी २९ मिनिटं ५९ सेकंदांना आपोआप थांबत असेल तर ती ब ला लावा, अ ला नको. मध्ये बंद करून पुन्हा सुरू करायची वेळ संहितेत आधीच ठरवा, आणि त्या क्षणी बाकी दोन चालू असल्याची खात्री करा. ५० एमबीपीएसने (सेकंदाला ५० मेगाबिट) रेकॉर्ड केलं तर कार्डावर तासाला २२.५ जीबी लागतात.

मोबाइल घ्यायचाच असेल तर फ्रेम रेट लॉक करणारं अ‍ॅप वापरा. कित्येक फोनचं नेहमीचं अ‍ॅप फ्रेम रेट बदलत राहतं आणि एडिटमध्ये ओठ हळूहळू पुढे-मागे होतात. तशी फाइल आलीच तर टाइमलाइनवर टाकण्याआधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटची करून घ्या.

फेडर:
आवाजाबद्दल कुणी बोललं नाही, आणि अशी रेकॉर्डिंग फसतात ती तिथेच.

नाट्यगृहाच्या मिक्सरचं आउटपुट मिळालं म्हणजे काम झालं असं नाही. तो मिक्स हॉलसाठी असतो. पुढच्या रांगांना नटाचा आवाज थेट ऐकू येतो, म्हणून मिक्सरवर संवाद कमी आणि पार्श्वसंगीत जास्त असू शकतं. रेकॉर्डरचे दोन ट्रॅक मिक्सरला द्या आणि दोन ट्रॅकवर स्वतःचे माइक रंगमंचाच्या कडेला ठेवा, खाली फोम घालून, नाहीतर पावलांचा धबधब येईल. मिक्सरचं सिग्नल लाइन लेव्हलचं, म्हणजे माइकच्या सिग्नलपेक्षा बरंच जोरकस असतं. रेकॉर्डरचं इनपुट माइकवर राहिलं तर आवाज फाटतो आणि नंतर दुरुस्त होत नाही. त्या दोन ट्रॅकवर फँटम (रेकॉर्डरने माइकला पुरवायची वीज) बंद. ओरडण्याचा प्रसंग तालमीत करून घ्या आणि त्याचं शिखर -१२ डीबीच्या आसपास ठेवा.

सिंकमधली गोम आता. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. २० मीटरवरच्या कॅमेऱ्याच्या माइकला तो सुमारे ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो, २५ फ्रेममध्ये दीड फ्रेम. सॉफ्टवेअर कॅमेऱ्याच्या आणि रेकॉर्डरच्या आवाजाच्या लहरी जुळवून सिंक करतं, म्हणजे रंगमंचावरचा स्वच्छ आवाजसुद्धा दीड फ्रेम मागे ढकलतं. चित्र बरोबर, आवाज स्वच्छ, तरी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं ते यामुळे. ऑटो-सिंकनंतर मागच्या कॅमेऱ्याचं चित्र एक फ्रेम, जमल्यास दीड फ्रेम उशिरा सरकवा.

शिवाय प्रत्येक यंत्राचं घड्याळ वेगळं. दशलक्षात २० एवढाच फरक असला तरी ४५ मिनिटांत ५४ मिलिसेकंद होतात, एका फ्रेमहून जास्त. पडदा उघडण्याआधी एक टाळी आणि पडल्यावर एक टाळी, दोन्ही सगळ्या कॅमेऱ्यांना दिसेल अशी. शेवटची टाळी जुळली नाही तर आवाज तेवढा ताणा.

नेपथ्याखाली:
एका कॅमेऱ्याच्या गटाचं म्हणणं पूर्ण टाकाऊ नाही. तालमीतले क्लोजअप प्रयोगाच्या फिल्मला उपयोगी पडतात, फक्त संवादाचे नाहीत. नट दोन वेळा एकाच लयीत बोलत नाही, तीन-चार शब्दांनंतर ओठ सुटतात. तालमीतून घ्यायचं ते मुकं: ऐकणारा चेहरा, हातातलं पत्र, दार, विंगेतून येणारा प्रकाश. त्यासाठी तालीम पूर्ण वेशभूषेत आणि अंतिम प्रकाशयोजनेत व्हायला हवी. गजरा उजवीकडे की डावीकडे, याचा फोटो काढून ठेवा.

सिंगल-कॅम:
फ्लॅटसाठी माझं मत एकच कॅमेरा. दोन कॅमेऱ्यांनी शूटिंग लवकर आटोपतं हे खरं, पण किंमत प्रकाशात मोजावी लागते. १९५१ मध्ये 'आय लव्ह ल्यूसी'साठी कार्ल फ्रॉइंड यांनी ३५ मिमीचे तीन फिल्म कॅमेरे प्रेक्षकांसमोर एकाच वेळी चालवले, त्यासाठी त्यांना सेटवर वरून सपाट, सारखा उजेड पसरावा लागला. दिवे वर टांगायला स्टुडिओची उंची होती म्हणून ते जमलं. १० बाय १२ च्या खोलीत समोरासमोर दोन कॅमेरे लावले की एकाचा दिवा दुसऱ्याच्या फ्रेममध्ये, आणि बूमवाल्याला (लांब काठीवरचा माइक धरणाऱ्याला) उभं राहायला कोपरा नाही.

आधी मास्टर, म्हणजे पूर्ण प्रसंग रुंद फ्रेममध्ये सलग. मग खिडकीच्या भिंतीकडे बघणारे सगळे शॉट, तिघांचेही, संवादाचा क्रम सोडून. त्यानंतरच दिवे फिरवा. उजेड खिडकीचा असेल तर ती भिंत दुपारच्या आतच संपवा. प्रत्येक शॉट कटच्या जागेच्या एक वाक्य आधी सुरू करा आणि एक वाक्य पुढे न्या. चहाचा कप कोणत्या शब्दावर उचलला, हे लिहायला एक माणूस फक्त त्यासाठीच हवा. दिग्दर्शकाने ते करायचं नाही. पंखा, फ्रिज बंद. शेवटी सगळ्यांना गप्प उभं करून ३० सेकंद खोलीचा आवाज.

दुसरा कॅमेरा एकाच परिस्थितीत: पुन्हा न होणारी कृती, जसं काच फुटणं किंवा लहान मूल. तेव्हाही दोन्ही कॅमेरे एकाच दिशेला, शेजारी-शेजारी, एक मिड आणि एक क्लोज. प्रकाश बिघडत नाही.

तिसरी घंटा:
फेडर, अ कॅमेऱ्याचं चित्र उशिरा सरकवायचं की आवाज अलीकडे घ्यायचा? आणि जागेवरच एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर स्विच करणारं छोटं पॅनल आणलं तर एडिट वाचेल का?

फेडर:
तीन कॅमेरे तीन अंतरांवर आहेत, म्हणून आवाज हलवू नका, चित्रं हलवा. अ चं जास्त, १० मीटरवरच्या ब आणि क चं २९ मिलिसेकंद, म्हणजे एका फ्रेमपेक्षा कमी, तेव्हा ते सोडून दिलंत तरी चालेल.

कट-टू:
पॅनलचं मी सांगतो. स्विच केलेली एकच फाइल हाती ठेवू नका, चुकलेला कट परत मिळत नाही. प्रत्येक कॅमेऱ्याच्या कार्डावर रेकॉर्डिंग चालू ठेवूनच पॅनल वापरा. आणि एचडीएमआय केबल ५-१० मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही, २० मीटरसाठी एसडीआयचे (लांब केबलवरून चित्र नेणाऱ्या जोडणीचे) कन्व्हर्टर लागतील. तेवढ्या भाड्यात तिसरा कॅमेरा येतो.