सुगिहारांच्या व्हिसाआधीचा कागद

१९४० मध्ये लिथुआनियात ज्यू निर्वासितांना व्हिसा देऊन वाचवणारे जपानी राजनैतिक अधिकारी चिउने सुगिहारा यांचं कौतुक होतं ते योग्यच, पण त्यांच्यासोबत यान झ्वार्टेनडाइक यांचं नाव यायलाच हवं. सुगिहारांचा व्हिसा फक्त जपानमार्गे जाण्यापुरता होता. पुढे कुठे जाणार हे दाखवावं लागे. ती सोय झ्वार्टेनडाइकांनी केली. हे मूळचे राजदूत नव्हेत, फिलिप्स कंपनीचे लिथुआनियातले प्रमुख! जून १९४० मध्ये लिथुआनियातल्या कौनास शहरात नेदरलँड्सचे कॉन्सल म्हणून त्यांना नेमलं होतं.

पासपोर्टवर ते फ्रेंचमध्ये लिहून देत: सुरिनाम, कुरासाओ (अमेरिका खंडातल्या डच वसाहती) इथे प्रवेशासाठी व्हिसा लागत नाही. प्रत्यक्षात गव्हर्नरची परवानगी लागायची. तो भाग मुद्दाम गाळलेला. मूळ मजकूर रिगातले डच राजदूत डी डेकर यांचा. आधी सगळं हाताने, मग गर्दी आवरेना म्हणून शिक्का करून घेतला. जेमतेम दहा-बारा दिवसांत दोन हजारांवर कागद! त्यांच्या जोरावर माणसं सायबेरियामार्गे व्लादिवोस्तोक आणि तिथून बोटीने जपानला पोचली.

पुढे झ्वार्टेनडाइक नाझींच्या ताब्यातल्या नेदरलँड्समध्येच परतले, केवढा धोका पत्करून! सुगिहारांना याद वाशेमचा (ज्यू नरसंहाराच्या स्मृती जपणारी इस्रायलची संस्था) सन्मान हयातीत मिळाला. झ्वार्टेनडाइक १९७६ मध्ये वारले आणि त्यांचा सन्मान झाला थेट १९९७ मध्ये. याची मला फार खंत वाटते.