विज्ञान आणि कला एकत्र असलेला महोत्सव: लिंझला जाऊन आलो, तुमचं मत काय?

डॅन्यूबकाठी:
गेल्या सप्टेंबरात म्युनिकहून ट्रेनने ऑस्ट्रियातल्या लिंझला गेलो होतो, बायको आणि नऊ वर्षांची लेक, आर्स इलेक्ट्रॉनिका बघायला. १९७९ पासून चालू आहे हा महोत्सव. लिंझ म्हणजे पोलादाचं गाव, आणि पहिल्याच वर्षी तिथे संगीतकार ब्रुकनरची आठवी सिंफनी नदीकाठी लाउडस्पीकरवर वाजवली आणि गावाला सांगितलं की रेडिओ खिडकीत ठेवा, म्हणजे अख्खं शहरच वाद्य! आम्ही तिथल्या डीप स्पेस नावाच्या दालनात गेलो, १६ बाय ९ मीटरची भिंत आणि तेवढीच जमीन, दोन्हीवर चित्र, लेक शनीच्या कड्यांवरून चालत होती आणि बाहेर आल्यावर रात्री झोपेपर्यंत प्रश्न थांबले नाहीत. माझं स्पष्ट मत, मुलांना विज्ञान दाखवायचं तर असंच दाखवा.

खोडदकर:
दादा, राग मानू नका पण मला पटलं नाही. असाच एक महोत्सव मी दुसऱ्या एका शहरात पाहिलाय, नाव नको. अंधार, निळे दिवे, घुमणारा आवाज, पाटीवर ‘क्वांटम’ लिहिलेलं, आणि तिथल्या पोराला विचारलं हे चालतं कसं तर त्याला सांगता येईना. याला मी सजावट म्हणतो. आमच्याकडे नारायणगावजवळ खोडदला २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला खुली असते. ४५ मीटर व्यासाची डिश आणि ती चक्क तारेच्या जाळीची! एका शाळकरी मुलीने विचारलं, जाळीतून लहरी निसटत नाहीत का? तर तिला तिथेच उत्तर मिळालं की रेडिओ लहरींची लांबी भोकांपेक्षा खूप मोठी असते त्यामुळे त्या परततात, आणि वारा मात्र आरपार जातो म्हणून डिश हलकी करता आली. ना दिवे ना संगीत, पण मुलगी काहीतरी समजून घरी गेली.

शाईवाला:
दोघांनाही एक सांगतो, मी तबला शिकवतो. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, बेसूर असतात, त्यातून ठाम सूर निघत नाही. मधोमध शाईचे, म्हणजे तबल्यावरच्या त्या काळ्या गोलाचे, थर चढवले, मध्ये जाड आणि कडेला पातळ, की ते उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली हे मांडलं, पण कारागिरांच्या बोटांना ते आधीपासून माहीत होतं. मग इथे सजावट कुठली आणि विज्ञान कुठलं, सांगा? खोडदकर, तुम्ही कलेला वेष्टन समजताय, तिथेच माझी हरकत आहे.

डॅन्यूबकाठी:
अगदी हेच! २०१२ मध्ये लिंझवाल्यांनी डॅन्यूब नदीवर दिवे लावलेले ४९ ड्रोन एकत्र उडवले, तेव्हा हे कुणी फारसं पाहिलंच नव्हतं. दहा वर्षांनी, २०२२ ला, दिल्लीत बीटिंग रिट्रीटला हजार ड्रोन उडाले. कलाकाराने हट्ट धरला म्हणून इंजिनियरला वाट काढावी लागली, असं मला तरी वाटतं.

खोडदकर:
शाईवाले काका, तबल्याचं मान्य, कारण तिथे शाई काढली तर सूरच जातो. माझी कसोटी तीच आहे, विज्ञान काढलं तर कलाकृती कोसळली पाहिजे. पण ड्रोनचं घ्या, बघणाऱ्यांपैकी कितीजणांना कळलं की ते एकमेकांवर आदळत का नाहीत? ते आखलेल्या मार्गाने जातात, जागा जीपीएसवर कळते, हे दोन वाक्यांत सांगता येतं हो, मग का नाही सांगायचं?

शाईवाला:
सांगा की, पण आधी नाही. मी पोरांना पहिल्या दिवशी उपस्वर शिकवत नाही, आधी ‘ना’ हा बोल वाजवून घेतो, कान तयार झाला की पोरगं स्वतःच विचारतं.

खोडदकर:
आणि नाही विचारलं तर? सगळ्यांच्या घरी तुमच्यासारखा गुरू नसतो काका. डॅन्यूबकाठी, फेब्रुवारीत इकडे असाल तर लेकीला घेऊन या, जाळीचं कोडं तिला आधी सांगू नका.