मदत हवी आहे : गर्भाशयाचे अस्तर पातळ, केवळ पीसीआरवरून क्षयाची औषधे सुरू करावीत का?

नमस्कार. माझे वय ३४ आहे. गोठवलेले गर्भ तयार असूनही ते गर्भाशयात सोडण्याची तारीख दर वेळी पुढे ढकलावी लागते, कारण एस्ट्रॅडिओलच्या (अस्तर वाढवणाऱ्या संप्रेरकाच्या) गोळ्या वाढवूनही माझे अस्तर सहा मिलिमीटरच्या पुढे जात नाही आणि डॉक्टरांना ते किमान सात हवे आहे.

पूर्वी तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाल्यावर क्युरेटिंग करून पिशवी साफ करावी लागली होती, आणि तेव्हापासून पाळीचा स्राव फारच कमी झाला आहे. पाळीत झडणारा वरचा थर दर महिन्याला खालच्या तळथरातूनच वाढतो. तो तळथरच तेव्हा खरवडला गेला असेल आणि गर्भाशयाच्या भिंती आतून एकमेकींना चिकटल्या असतील, तर गोळ्यांना प्रतिसाद देणार तरी कोण, अशी माझी शंका आहे. गर्भाशयाची दुर्बिणीतून तपासणी (हिस्टेरोस्कोपी) मात्र अजून झालेली नाही.

दरम्यान अस्तराच्या नमुन्यात क्षयाची पीसीआर चाचणी (जंतूंचा डीएनए शोधणारी) पॉझिटिव्ह आली. कल्चर (नमुन्यातील जंतू वाढवून पाहण्याची चाचणी) निगेटिव्ह आहे आणि पॅथॉलॉजीच्या अहवालातही क्षयाची लक्षणे नाहीत, तरीही सहा महिन्यांचे एकेटी (क्षयावरील औषधांचा कोर्स) सुरू करण्याचा सल्ला मिळाला आहे. आपल्या देशात जननमार्गाचा क्षय हे वंध्यत्वाचे महत्त्वाचे कारण आहे, खोकला किंवा ताप नसतानाही तो असू शकतो, आणि जंतू फार थोडे असल्याने कल्चरमधून तो निसटू शकतो, हे मी जाणते. परंतु पीसीआर मेलेल्या जंतूंचा डीएनएही पकडते, आणि ही औषधे यकृताला त्रासदायक ठरू शकतात. शिवाय औषधांनी आजार थांबला तरी आधीच पडलेले व्रण भरून येत नाहीत.

पीआरपीचाही (स्वतःच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेट्सयुक्त द्रव अस्तरासाठी वापरण्याचा) पर्याय सुचवला गेला आहे. (अस्तर मुद्दाम खरवडण्याच्या उपायाचाही असाच बोलबाला होता, २०१९ मध्ये तेराशेहून अधिक स्त्रियांवरील चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही, म्हणून पीआरपीबाबत मी जरा सावध आहे.)

माझे प्रश्न असे आहेत : एकेटीपूर्वी हिस्टेरोस्कोपी करून घेण्याचा आग्रह धरणे योग्य ठरेल का? केवळ पीसीआर पॉझिटिव्ह असताना कोणी लॅपरोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून तपासणी) करून खात्री करून घेतली होती का, आणि त्यात काय आढळले? चिकटलेला भाग सोडवल्यानंतर अस्तर प्रत्यक्षात वाढले का, की भिंती पुन्हा चिकटल्या? जाणकार डॉक्टरांनी आणि या अनुभवातून गेलेल्यांनी कृपया लिहावे. खासगी बाबी असल्यास निरोपातून कळवले तरी चालेल.